बॅटरी उतरवून ठेवायची

सर्जेराव दांडगे वीज मंडळातून लाईनमन म्हणून रिटायर झाले, तेव्हा निरोप समारंभात त्यांना शाल, नारळ आणि बिनवायरचं ड्रिल मशीन मिळालं. नारळाची चटणी झाली. शाल सत्यभामाबाईंनी इस्त्रीच्या टेबलावर अंथरली. मशीन मात्र सर्जेरावांनी मांडीवर घेतलं आणि तिथून ते बरेच दिवस खाली उतरलं नाही.

समारंभात साहेब म्हणाले होते, "हे मशीन सर्जेरावांना उरलेल्या आयुष्यात साथ देईल." साहेबांनी ते सहज म्हटलं होतं, भाषण कुठंतरी संपवावं लागतं. पण सर्जेरावांनी नोकरीत साहेबांचा कुठलाच शब्द सहज घेतला नव्हता. पुंडलिकनगरात घरी येईपर्यंत रिक्षात त्यांनी मशीनवरचा हात काढला नाही. चप्पल काढता काढता म्हणाले, "सत्यभामा, हे मशीन माझ्याआधी जायला नाय पाहिजे."

"कुठं जाणारे ते?"

"जाणं म्हणजे जाणं. मशीन जात नाय, लोखंड आहे. ह्याची बॅटरी जाते. आपल्याला बॅटरीचं आयुष्य वाढवायचंय."

"वाढवा," सत्यभामाबाई म्हणाल्या. "पण त्याआधी मला एक भोक पाडून द्या."

भोक कशासाठी हवं होतं ते आमच्या अख्ख्या गल्लीला माहीत होतं. सत्यभामाबाई त्याच वर्षी मुक्त विद्यापीठातून बी.ए. झाल्या होत्या. पोरं मार्गी लागल्यावर त्यांनी पुस्तकं हातात घेतली. वरणाला फोडणी देता देता पेशव्यांचा कारभार पाठ केला. परीक्षेला बसल्या, तेव्हा पर्यवेक्षकानं त्यांना "पालकांनी बाहेर थांबा" असं सांगितलं. आता डिग्री आली होती. तिला सागवानी फ्रेम झाली होती, काच झाली होती, आणि ती फ्रेम सोफ्याच्या मागं भिंतीकडं तोंड करून, शिक्षा झालेल्या पोरासारखी उभी होती. भिंत तयार होती, मशीन घरात होतं, माणूस रिटायर होता. फक्त भोक नव्हतं.

आणि भोक लवकर हवं होतं, कारण सुलेखाताई कधीही येऊ शकत होत्या.

सुलेखाताई म्हणजे सत्यभामाबाईंच्या थोरल्या जाऊबाई, जालन्याच्या. मुख्याध्यापिका होत्या, रिटायर झाल्या, पण आवाज रिटायर झाला नव्हता. कुठल्याही लग्नात त्या नव्या पाहुण्यांना ओळख करून द्यायच्या: हा माझा मुलगा, इंजिनिअर. ही सून, एम.एस्सी. आणि सत्यभामाबाईंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायच्या, "आणि ही आमची सत्यभामा. हिच्या हातचं वांग्याचं भरीत खाऊन बघा." सत्यभामाबाईंनी बी.ए. केलं त्यात इतिहासाची आवड होतीच. पण भरीताचा वाटा मोठा होता.

डिग्री मिळाल्याचं त्यांनी जालन्याला कळवलं नव्हतं. सांगायचं नव्हतं, दिसू द्यायचं होतं. ताई हॉलमध्ये येतील, सोफ्यावर बसता बसता वर बघतील. बस एवढंच.

*

मशीन कसं वापरायचं ते विचारायला सर्जेराव औरंगपुऱ्याच्या बाजारात गेले. ऑफिसवाल्यांनी ते मुजीबभाईंच्या दुकानातून घेतलं होतं. दुकान इतकं अरुंद होतं की गिऱ्हाईक आत आलं की नोकर बाहेर जायचा.

"बॅटरी जास्तीत जास्त कशी टिकेल?" सर्जेरावांनी विचारलं.

मुजीबभाईंच्या एका कानाला फोन होता, समोर दोन प्लंबर उभे होते. त्यांनी मोकळ्या कानानं ऐकलं आणि उरलेल्या तोंडानं सांगितलं, "कुछ नहीं काका. काम हुआ ना, बॅटरी उतार के रखने का. धूप में नक्को रखो. गरम रही तो चार्जिंग को नक्को लगाओ. बस. लई चलती."

"उतार के?"

"हां, उतार के. ये सबसे बडी बात."

सर्जेराव ही सबसे बडी बात मनात घोळवत घरी आले. आता हा शब्द साधा नाही. आपल्याकडं सामान ट्रकमधून उतरतं, ताप उतरतो, माणूस मनातून उतरतो. सर्जेरावांच्या नोकरीत उतरणं म्हणजे पोलवरून जिवंत खाली येणं. पण बॅटरीचं म्हणाल, तर बॅटरी उतरली याचा अर्थ सगळ्या मराठवाड्यात एकच होतो, ती संपली. तेव्हा उतरवून ठेवायची म्हणजे पूर्ण संपवून ठेवायची. सर्जेरावांना हे लगेच पटलं. मोबाइल नवीन आले तेव्हा त्यांच्या साहेबांनीही हेच सांगितलं होतं: पूर्ण उतरवा, मग पूर्ण भरा. दोन वेगवेगळ्या माणसांनी दोन वेगवेगळ्या काळात एकच गोष्ट सांगितली, म्हणजे ती शास्त्रीय.

मशीनसोबत दोन बॅटऱ्या होत्या. एक त्यांनी वापरातली ठरवली. दुसरी राखीव. धूप में नक्को, म्हणून राखीव बॅटरी त्यांनी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवली, कोथिंबिरीशेजारी.

वापरातली बॅटरी पूर्ण चार्ज झाली. बाजूचे चारही दिवे, म्हणजे चार कांड्या, लागले. सत्यभामाबाई फ्रेम घेऊन भिंतीपाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "इथं."

"थांब," सर्जेराव म्हणाले. "ही आधी उतरवावी लागंल."

"कशाला?"

"भरलेली ठेवायची नसती. मुजीबभाईंनी सांगितलंय."

"मग भोक पाडून उतरवा ना."

"एका भोकानं काय उतरणार? एक कांडी सुद्धा जायची नाय. बाकीच्या तीन कांड्यांचं काय करू?"

हा हिशेब सत्यभामाबाईंच्या अभ्यासक्रमात नव्हता. बी.ए. इतिहासात होतं.

सर्जेराव मशीन घेऊन गॅलरीत गेले. खुर्चीवर बसले, मशीनचं तोंड आकाशाकडं केलं आणि बटणाला रबरबँड गुंडाळला. घुंऽऽऽ असा आवाज सुरू झाला. तो चांगला तासभर चालला. समोरच्या वायरवरची कबुतरं आधी दचकली, मग कंटाळली, मग परत येऊन बसली. मोटर शेवटी कण्हत थांबली. पण मशीनच्या नाकाखाली एक बारका दिवा होता, अंधारात भोक दिसावं म्हणून दिलेला. मोटर थांबली तरी बटण दाबलं की तो लागायचा.

"हा गाळ आहे," सर्जेराव म्हणाले. "हा पण काढला पाहिजे." आणि त्या दिव्याच्या उजेडात त्यांनी पेपरमधलं राशिभविष्य सोडून बाकी सगळं वाचलं. राशिभविष्यावर त्यांचा विश्वास नव्हता. दिवा पिवळा झाला, लुकलुकला, विझला. सर्जेरावांनी समाधानानं मशीन कपाटात ठेवलं. बॅटरी मशीनला तशीच लावलेली होती.

पुढं हे रोजचं झालं आणि त्यातून एक चक्र तयार झालं, ज्यातून सत्यभामाबाईंना बाहेर पडता येईना. बॅटरी उतरलेली असली की भोक पाडता यायचं नाही. ती चार्ज झाली की उतरवायची वेळ झालेली असायची. मधे कुठंतरी एखादा क्षण असा असणारच, की बॅटरीत जीव आहे आणि सर्जेरावांच्या हातात वेळ आहे. सत्यभामाबाई तो क्षण पकडायला ओल्या हातानं स्वयंपाकघरातून यायच्या, तोवर गॅलरीतून घुंऽऽऽ सुरू झालेलं असायचं.

*

या आवाजानं शेजारच्या सारजाबाई आल्या. सारजाबाई मूळच्या पाचोडच्या. जन्म शेळ्या-मेंढ्यांमागं गेला, आता पोराकडं पुंडलिकनगरात राहायच्या, पण मन रमेना म्हणून मोकळ्या प्लॉटवर एक शेळी बांधली होती. विरजणासाठी वाटी घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या आणि गॅलरीकडं मान करून म्हणाल्या, "दादा, रोज संध्याकाळी काय भिरभिरतंय ओ हे? माझी शेळी पानवत नाय, दूध चोरती."

"बॅटरी उतरवतोय, मावशी."

सारजाबाईंचा चेहरा एकदम मऊ झाला. "मंग मला सांगायचं ना. तुमाला कुठं जमतंय ते. मीठ, मोहऱ्या, सात मिरच्या आना. कुणाची लागलीय? त्या ऑफिसातल्यांची आसंल. वस्तू देतेत आन बघत ऱ्हातेत."

सर्जेरावांनी मशीन बंद केलं. हा तत्त्वाचा प्रश्न होता. "मावशी, आमच्या घरात नजर उतरवणं, दृष्ट काढणं हे काय चालत नाय. आमच्या वडलांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच हे सगळं सोडलं. आम्ही विज्ञान मानतो."

"मग हे काय करता?"

"हे शास्त्रीय उतरवणं आहे."

सारजाबाईंनी खुर्चीकडं, आकाशाकडं रोखलेल्या मशीनकडं आणि रबरबँडकडं पाहिलं. "रोज तिन्हीसांजेलाच करता का?"

"व्हय. पेपर वाचून होतो तोवर."

"गॅलरीत उगवतीकडं तोंड करून?"

"तिकडून वारं येतं."

"आन मदी बोलायचं नाय?"

"मधी बंद केलं तर उपयोग नाय."

"बरं बरं," सारजाबाई म्हणाल्या. "शास्त्रीय हाय." आणि फ्रिजमधून विरजण काढून घ्यायला आत गेल्या. आत त्यांना जरा जास्तच वेळ लागला, पण तेव्हा ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मे महिन्यात दोघं पुण्याला अमृताकडं, म्हणजे लेकीकडं गेले. जाताना सर्जेरावांनी बॅटरी शेवटचा गाळ निघेपर्यंत उतरवली आणि मशीनला लावून गॅलरीच्या पत्र्याच्या कपाटात ठेवली. मे महिन्यात आमच्याकडं त्या कपाटात पापड भाजून निघतो. परत आले ते मुक्काम बराच लांबल्यावर. आल्या आल्या सर्जेरावांनी बॅटरी चार्जरवर चढवली. चार्जरचा दिवा लाल झाला, हिरवा झाला, लाल झाला, हिरवा झाला, आणि तसाच डोळे मिचकावत राहिला. बॅटरीचा एकही दिवा लागला नाही.

सर्जेराव शेजारी बसून राहिले. त्यांनी ती पुसली. पंख्याखाली ठेवली. कानाशी धरली.

"गेली का?" सत्यभामाबाईंनी दारातून विचारलं.

"बेशुद्ध आहे."

त्याच वेळी फोन वाजला. सुलेखाताई आणि सर्जेरावांचे थोरले भाऊ इंद्रजीतदादा शनिवारी संध्याकाळी येत होते.

*

शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर सत्यभामाबाई म्हणाल्या, "ती राखीव काढा फ्रिजमधून. एक भोक पाडा आणि परत ठेवून द्या. कोथिंबिरीला सुद्धा कळणार नाय."

"राखीवला हात लावायचा नाय," सर्जेराव म्हणाले. "आधी ही का गेली ते कळलं पाहिजे. नायतर तीच चूक तिच्याबाबत होईल. मी औरंगपुऱ्यात जाऊन येतो."

"पाहुणे संध्याकाळी येतेत."

"तोवर येतो."

"अहो, मी इतक्या वर्षांत तुमच्याकडं काय मागितलंय?"

सर्जेराव दारात थांबले. खरं सांगायचं तर त्यांना आठवेना. ते तसंच म्हणाले, "आठवत नाय," आणि बॅटरी रुमालात गुंडाळून, पिशवीत घालून, पिशवी स्कूटरच्या हुकाला न लावता छातीशी धरून निघाले. एका हातानं स्कूटर चालवणारा म्हातारा बघून सिग्नलच्या हवालदारानं त्यांना आधी जाऊ दिलं. त्याला वाटलं, पिशवीत बाळ असावं.

मुजीबभाईंनी बॅटरी उलटसुलट पाहिली, यंत्राला लावली, मान हलवली. "काका, ये तो पूरी सूख गई. क्या किये इसको?"

"तुम्ही सांगितलं तसंच. रोज उतरवली."

"रोज उतारी?"

"रोज. पार दिवा विझेपर्यंत. रबरबँड लावून."

मुजीबभाईंनी पहिल्यांदाच फोन कानापासून काढला. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो म्हणत राहिला. "रबरबँड?"

"हो. तुम्हीच म्हणाले, उतार के रखने का."

मुजीबभाईंनी दुकानातलं एक मशीन घेतलं, दोन्ही बाजूंची बटणं दाबली आणि बॅटरी खाली ओढली. टक् असा आवाज झाला. बॅटरी एका हातात, मशीन दुसऱ्या हातात. "ये. इसको बोलते उतारना. टोपी उतारे, जूते उतारे, वैसे बॅटरी उतारे. मशीन से अलग. तुम इसका खून उतार दिये रोज के रोज."

दुकानातले दोन प्लंबर गंभीर होऊन ऐकू लागले.

"मग संपवायची नाय?" सर्जेरावांनी विचारलं.

"कभी नहीं. ये लिथियम है काका, इसको पूरी भूख भी नक्को, पूरा पेट भी नक्को. एक कांडी रही की लगाओ चार्जिंग को. बहुत दिन रखने की रही तो आधी भर के, मशीन से अलग, ठंडी सूखी जगह. खाली करके गर्मी में रखे तो मरतीच."

"दुसरी फ्रिजमध्ये आहे."

मुजीबभाईंनी डोळे मिटले. "फ्रिज में कायको? बॅटरी है, दही नहीं. गील लगती उसको. कितनी चार्ज है?"

"आणली तशीच आहे. दोन दिवे."

"आधी," मुजीबभाई म्हणाले. "वोच अच्छी. तुम भूल गए उसको, इस वास्ते बच गई."

सर्जेरावांनी तिथूनच घरी फोन करून हे सगळं सांगितलं आणि मेलेली बॅटरी पिशवीत घालून ते परतीला लागले. एका शब्दापायी एक जीव गेला होता. पोलवर चढलेल्या माणसाला खालून 'उतर' म्हणायच्या ऐवजी कुणी 'उतरव' म्हटलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करत त्यांनी क्रांती चौक ओलांडला.

*

इकडं घरी सत्यभामाबाईंनी फ्रेम सोफ्यामागून काढून टेबलाला टेकवली आणि वाट बघितली. मग घड्याळ बघितलं. मग खिळा बघितला. खिळा चांगला बोटभर लांब होता. हातोडी सापडेना, म्हणून त्यांनी खलबत्त्यातला बत्ता घेतला, खिळा सांडशीत पकडला आणि सोफ्यावर चढून भिंतीवर घाव घातला. पहिल्या घावाला गिलाव्याचा पापुद्रा आला. दुसऱ्याला खिळा शिरला. तिसऱ्याला भिंतीतून फट् असा आवाज झाला, निळी ठिणगी उडाली, पंखा मंदावला, फ्रिजनं एक सुस्कारा टाकला आणि घर गप्प झालं.

सर्जेराव आले तेव्हा सत्यभामाबाई सोफ्यावर बसल्या होत्या. मांडीवर बत्ता होता.

"लागलं नाय ना कुठं?"

"नाय. सांडशीला प्लास्टिक आहे."

सर्जेरावांनी मेन स्विच बंद केला आणि सोफ्यावर चढून खिळा निरखला. नोकरीतल्या माणसाचा आवाज त्यांच्या तोंडून निघाला. "फेज आणि न्यूट्रल दोन्ही. एका खिळ्यात. आमच्या खात्यात ठरवून मारला तरी जमला नसता." त्यात कौतुक होतं, ते लपेना. "आख्खं घर ह्याच वायरवर आहे. भिंत फोडावी लागंल. उद्याच्याला होईल."

"आणि आज?"

आज संपत आला होता. बाहेर अंधारून येत होतं आणि गेटची कडी वाजली.

"जय भीम," दारातून आवाज आला, असा की मागच्या बाकावरच्यानंही सरळ बसावं. सुलेखाताईंच्या मागं इंद्रजीतदादा मोसंबीची पिशवी घेऊन उभे होते.

"जय भीम, या ताई, या. पायाखाली बघा."

"अंधार का गं? लाईट गेली का? समोरच्यांकडं तर आहे."

"आमचीच गेलीय, वहिनी," सर्जेराव म्हणाले.

सुलेखाताई चाचपडत सोफ्यावर बसल्या. "म्हणजे लाईनमनच्याच घरात अंधार. छान." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "सत्यभामा, काही करू नकोस हं आमच्यासाठी. भरीत केलं असशील तर तेवढं वाढ."

अंधारात सर्जेरावांना फक्त एवढं दिसलं की सत्यभामाबाई वाकल्या, टेबलाला टेकवून ठेवलेली फ्रेम त्यांनी उचलली आणि सोफ्याच्या मागं नेऊन परत भिंतीकडं तोंड करून ठेवली. हळूच, काच वाजू न देता.

पोलवर माणूस लटकलेला दिसला की सर्जेराव विचार न करता चढायचे, असं त्यांच्या खात्यात सांगतात. ते तसेच स्वयंपाकघरात गेले. फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला. श्रीखंडाच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. ते परत आले तेव्हा बॅटरी पुसायला त्यांनी सत्यभामाबाईंचा पदर मागितला नाही, सरळ ओढला.

"हे काय?"

"गील पुसतोय. भिंतीवर कुठं लावायची ती सांग."

"काय लावायचं, भाऊजी?" सुलेखाताईंनी विचारलं.

"थांबा वहिनी. कळंल."

सर्जेरावांनी बॅटरी मशीनला लावली. दोन दिवे लागले. घरातली सगळी वीज बंद होती आणि हातातलं मशीन चालू होतं. बिनवायरचं म्हणजे काय, हे त्यांना त्या क्षणी कळलं. इतके महिने ते बॅटरीकडंच बघत होते, वायर नाही याकडं त्यांचं लक्षच गेलं नव्हतं.

समोरच्या भिंतीवर त्यांनी हात फिरवला. "इथून वायर जात नाय. बोल."

"जरा डावीकडं," सत्यभामाबाई म्हणाल्या.

पहिलं भोक पडता पडता आत सळई लागली आणि मशीननं किंकाळी फोडली. "कॉलम आहे," सर्जेराव म्हणाले. दोनातला एक दिवा गेला. इंद्रजीतदादांना राहवलं नाही, ते उठले. "थोडं वर घे सर्जा, उंच बरं दिसतं." दुसरं भोक वर पडलं. मग सुलेखाताई बोलल्या. काय टांगायचंय ते त्यांना माहीत नव्हतं, पण वाकडं टांगलेलं त्यांनी आयुष्यात सहन केलं नव्हतं. "ते दाराच्या चौकटीच्या रेषेत नाही. दोन बोटं उजवीकडं."

तिसऱ्या भोकाला मशीनचा आवाज खोल गेला. उरलेला दिवा लुकलुकायला लागला. सर्जेरावांनी सगळा भार दिला, भिंतीतून लाल भुकटी आली आणि मोटर थांबली. भोक झालं होतं. त्यांनी भोकात प्लास्टिकची गिट्टी ठोकली, स्क्रू हातानं पिळला आणि सोफ्यामागून फ्रेम आणून टांगली. फ्रेमनं आधीची दोन्ही भोकं झाकली. फ्रेम मोठी करून घ्यावी ती त्यासाठीच.

"काय आहे ते?" सुलेखाताईंनी विचारलं आणि मोबाइलचा टॉर्च लावला.

"वहिनी, ते बंद करा."

"अहो, दिसायला नको का?"

"बंद करा. मी दाखवतो."

मशीन हातात असलेल्या माणसाशी अंधारात वाद घालू नये. सुलेखाताईंनी टॉर्च बंद केला. सर्जेरावांनी फ्रेमकडं मशीन रोखलं आणि बटण दाबलं. मोटर हलली नाही, पण नाकाखालचा तो बारका दिवा लागला आणि काचेवर वाटीएवढा उजेड पडला.

सुलेखाताई उठल्या. चष्मा लावला. जन्मभर वर्गात वाचून दाखवायची सवय, त्या मोठ्यानं वाचू लागल्या. उजेड त्यांच्या बोटामागून ओळीवर सरकत होता. "प्रमाणित करण्यात येते की... सत्यभामा सर्जेराव दांडगे..." त्या थांबल्या. मागं वळून सत्यभामाबाईंकडं पाहिलं, पण तिकडं अंधार होता, म्हणून परत काचेकडं पाहिलं. "...यांनी कला शाखेची पदवी परीक्षा..." आणखी थांबल्या. "प्रथम श्रेणीत."

इंद्रजीतदादांनी उगाच मोसंबीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"प्रथम श्रेणीत," सुलेखाताई परत म्हणाल्या, जरा हळू. "आणि कळवलं नाहीस."

"म्हटलं, तुम्ही आल्यावर बघाल."

"आमच्या वेळी डी.एड.ला फार मान होता," सुलेखाताई म्हणाल्या. विचारलं कुणीच नव्हतं. मग त्यांनी फ्रेम एका बोटानं सरळ केली. ती सरळच होती. "आता लग्नात ओळख करून देताना मला भरीताचं नाव घेता येणार नाही."

"घ्या की," सत्यभामाबाई म्हणाल्या. "आधी हे सांगा, मग भरीत."

उजेड पिवळा पडायला लागला होता. सत्यभामाबाईंच्या ते लक्षात आलं. "अहो, थांबवा. तुम्हीच फोनवर सांगितलं ना, मुजीबभाई म्हणाले पूर्ण उतरवायची नाय म्हणून. ही पण जाईल."

"उतरू दे," सर्जेराव म्हणाले.

"राखीव आहे ती."

"ह्याच्यासाठीच राखीव होती. वाचा वहिनी, घाई नाय."

दारातून खाकरण्याचा आवाज आला. सारजाबाई घरात अंधार बघून कंदील घेऊन आल्या होत्या आणि उंबऱ्यापाशी थबकल्या होत्या. "ती फ्रिजमधलीच हाय ना? ती जायची नाय, दादा. विरजन घ्यायला आले तवाच म्या ती उतरवून ठिवलीय. मीठ-मोहऱ्यांनी."

सर्जेरावांनी दिवा हलू दिला नाही. "मावशी, आमच्या घरात ते चालत नाय, मी सांगितलं होतं."

"घरात नाय केलं बाबा. फ्रिजात केलं."

सुलेखाताई शेवटच्या ओळींपर्यंत आल्या होत्या. काचेवरचा उजेड वाटीचा चमचाभर झाला, लुकलुकला आणि गेला. सारजाबाईंनी कंदील पेटवायला काडेपेटी काढली, पण सर्जेरावांनी हात आडवा धरला.

"खाली काय लिहिलंय ते राहिलं," अंधारात सुलेखाताई म्हणाल्या.

"दिनांक आहे," सत्यभामाबाई म्हणाल्या आणि दिनांक सांगितला. मग अनुक्रमांक सांगितला. मग परीक्षा नियंत्रकांची सही डावीकडं आहे, कुलगुरूंची उजवीकडं, त्यांच्या सहीतल्या शेवटच्या अक्षराचा फाटा पार शिक्क्यात गेलाय, हेही सांगितलं. सगळं पाठ होतं. फ्रेम सोफ्याच्या मागं होती तेव्हाही त्या वाचतच होत्या.

त्यांचं सांगून झालं तेव्हा अंधारात टक् असा बारीक आवाज आला. सर्जेरावांनी दोन्ही बाजूंची बटणं दाबून बॅटरी मशीनपासून उतरवली होती, आणि अलगद टेबलावर ठेवली होती.